एक जाळं, एक मायक्रोस्कोप आणि प्राणीप्लवकांची ‘पूर्ण’ यादी

प्रश्न थोडक्यात असा: एका अभ्यासगटाला किनाऱ्यालगतच्या समुद्रपट्ट्यात वर्षभर प्राणीप्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या बहुतेक बारीक प्राण्यांच्या, विविधतेचं सर्वेक्षण करायचं आहे. हाताशी २०० मायक्रॉन (०.२ मिलिमीटर) आसाचं, म्हणजे तेवढ्या रुंद छिद्रांचं, एक जाळं, एक मायक्रोस्कोप आणि डीएनए तपासणीपुरता थोडाफार निधी आहे. स्टेशनं, म्हणजे नमुने घ्यायच्या ठरलेल्या जागा, किती ठेवावीत, मायक्रोस्कोपचं किचकट काम टाळून सगळं डीएनएवर सोपवलं तर चालेल का, आणि वर्षअखेरीस प्रजातींची पूर्ण यादी हाती येईल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पूर्ण यादी येणार नाही. कुणाचीच येत नाही. तुमच्या जाळ्यात अडकले, बाटलीत टिकले आणि तुमच्या नजरेला ओळखू आले, अशा प्राण्यांची यादी येईल. ही अट मान्य करून काम आखलं तर एका जाळ्यातही पुष्कळ मिळतं. न मान्य करता आखलं तर अहवालात ‘अमुक प्रजाती या भागात आढळत नाही’ अशी ठाम वाक्यं येतात, आणि त्यांचा खरा अर्थ ‘ती आमच्या जाळ्यातून निसटली’ एवढाच असतो.

आवाका केवढा आहे ते आधी पाहा. आयुष्यभर पाण्यात तरंगतच राहणाऱ्या प्राण्यांच्या सुमारे ७,००० प्रजातींना आजवर नावं मिळाली आहेत आणि त्या प्राणिसृष्टीच्या १५ संघांमध्ये (फायलम) विखुरलेल्या आहेत. त्यांपैकी अंदाजे अडीच हजार एकट्या कोपेपॉडांच्या, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातल्या बारीक कवचधारी प्राण्यांच्या. शिवाय खेकडे, कालवं, तारामासे, समुद्री गोगलगायी, मासे यांच्या अळ्या आणि पिल्लं आयुष्याचे पहिले काही दिवस किंवा आठवडे प्लवकांतच काढतात. किनाऱ्याजवळ प्रजननाच्या हंगामात हा तात्पुरता वर्ग कायमच्या प्लवकांना संख्येने मागे टाकू शकतो. म्हणजे तुमच्या बाटलीत तळावरच्या प्राण्यांचाही निम्माअधिक संसार येणार आहे, आणि त्यातल्या बहुतेक अळ्या प्रौढ प्राण्यासारख्या अजिबात दिसत नाहीत.

आता जाळं. आसाचा ढोबळ हिशोब असा की, प्राण्याच्या रुंदीच्या पाऊणपट आस असेल तर तो प्राणी जवळजवळ सगळा अडकतो. रुंदीच्या, लांबीच्या नाही. कोपेपॉड डोकं पुढे करून छिद्रातून सरळ निघून जातो. या हिशोबाने २०० मायक्रॉनचं जाळं साधारण २७० मायक्रॉनहून रुंद प्राण्यांबद्दल भरवशाने बोलतं. ओइथोना घ्या. जगातल्या जवळजवळ प्रत्येक समुद्रात मुबलक असणारा हा कोपेपॉड अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या आसपास लांब असतो, पण अंगाने इतका सडपातळ की तुमच्या जाळ्यातून त्याचा मोठा हिस्सा आरपार जाईल. ऑन्सिया या दुसऱ्या बारीक कोपेपॉडाचं तेच. नॉप्लियस अवस्थेतली पिल्लं तर जवळजवळ सगळीच जातील. यादीत ही नावं येतील, कारण काही जण अडकतातच. पण त्यांच्या संख्येवरून काही निष्कर्ष काढाल तर फसाल.

दुसऱ्यांच्या जुन्या याद्यांशी तुलना करतानाही हेच आड येतं. १९५९ ते १९६५ या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी जे प्रमाणित जाळं ठरलं, त्याचं तोंड एक चौरस मीटरचं आणि आस ३३० मायक्रॉनचा होता. ते २०० मीटरपासून पृष्ठभागापर्यंत उभं ओढायचं, असा दंडक होता. युनेस्कोच्या पुढाकाराने १९६८मध्ये सुचवलेल्या डब्ल्यूपी-२ जाळ्याचा आस २०० मायक्रॉन आणि तोंडाचा व्यास ५७ सेंटिमीटर. दोन्ही जाळी उत्तम आहेत. पण एकाच पाण्यात एकाच वेळी टाकली तरी त्यांतून दोन वेगळे समुद्र वर येतील. साठ वर्षांपूर्वीच्या यादीत नसलेला बारीक कोपेपॉड आज सापडला, तर ‘नवी प्रजाती आली’ म्हणण्याआधी तेव्हाचा आस किती होता ते बघावं.

म्हणून माझं मत असं: निधीतला थोडा भाग ६३ मायक्रॉनच्या एका छोट्या जाळ्यावर खर्च करा आणि प्रत्येक स्टेशनवर दोन्ही जाळी ओढा. ‘मग सगळं काम बारीक जाळ्यानेच का करू नये’, असं कुणी म्हणेल. बारीक जाळं वनस्पतिप्लवकांनी लवकर चोंदतं, त्याच्या तोंडापुढे पाण्याचा फुगवटा तयार होतो आणि चपळ प्राण्यांना त्या दाबाची आधीच चाहूल लागून ते बाजूला सरकतात. क्रिलसारखे (कोळंबीसारखे दिसणारे) डोळस आणि जोरकस पोहणारे प्राणी तर मोठ्या जाळ्यालाही दिवसा चुकवतात. सगळ्यांना पकडणारं एकच जाळं अस्तित्वात नाही.

जाळ्याच्या तोंडात प्रवाहमापक नसेल तर तो आधी बसवा, बाकी खर्च नंतर. जाळ्यातून किती पाणी गाळलं गेलं हे माहीत नसेल तर ‘घनमीटरमागे इतके प्राणी’ हा आकडा निव्वळ कल्पना ठरतो. ५७ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ०.२५५ चौरस मीटर होतं. २०० मीटर उभं ओढलं आणि जाळं अजिबात चोंदलं नाही, तर ५१ घनमीटर पाणी गाळलं जातं. प्रत्यक्षात मापकावरचा आकडा याहून कमी येतो, आणि तो एकदम घसरला तर जाळं चोंदलंय असं समजून ती खेप टाकून द्यावी, जाळं धुवावं आणि पुन्हा ओढावं. खोलीचंही तसंच. प्रवाहात वायर तिरपी होते. २५० मीटर वायर सोडली आणि ती उभ्या रेषेशी ३७ अंशांचा कोन करत असेल, तर जाळं २०० मीटरवरच आहे. कोनमापक फारसा महाग येत नाही, आणि तो नसल्याने बिघडलेल्या नोंदी नंतर कशानेही दुरुस्त होत नाहीत.

स्टेशनांच्या संख्येबद्दल बहुतेक नवे गट नकाशावर ठिपके वाढवत बसतात. मी उलट सांगेन: पाच-सहा स्टेशनं पुरे, पण प्रत्येक ठिकाणी दिवसा आणि रात्री, आणि प्रत्येक वेळी जाळं तीनदा ओढा. कारणं दोन. एक म्हणजे रोजची उभी ये-जा. असंख्य प्राणीप्लवक दिवसा खोल अंधारात राहतात आणि रात्री चरायला वर येतात. उथळ पाण्यात तर काही कोपेपॉड दिवसा थेट तळाशी लागून बसतात, आणि तळाला घासू नये म्हणून दोन-तीन मीटर वर थांबवलेलं जाळं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. फक्त दिवसाच्या नमुन्यांवर उभी केलेली यादी म्हणजे अर्धी यादी.

दुसरं कारण म्हणजे प्लवकांचे पुंजके. या प्रश्नावर या शास्त्राच्या जन्मापासून भांडण आहे. व्हिक्टर हेन्झेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९मध्ये ‘नॅशनल’ या जहाजावरून अटलांटिकची प्लवक मोहीम काढली. समुद्रात प्लवक बऱ्यापैकी सारखे पसरलेले असतात, तेव्हा मोजक्या नमुन्यांवरून मोठ्या क्षेत्राचा अंदाज बांधता येतो, ही त्याची धारणा होती. पुढच्याच वर्षी अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने तिच्यावर कडाडून हल्ला चढवला: प्लवक पुंजक्यांनी राहतात, मोजणीला अर्थ नाही. पुंजक्यांबाबत हेकेल बरोबर होता. मोजलं पाहिजे याबाबत हेन्झेन. एकाच जागी लागोपाठ तीन वेळा जाळं ओढलं की तिन्ही बाटल्यांत किती फरक पडतो ते दिसतं, आणि दोन स्टेशनांमधला फरक त्याहून मोठा असेल तरच तो फरक म्हणून मिरवावा. खाडीच्या तोंडाजवळ काम असेल तर भरती-ओहोटीची वेळही दर फेरीला तीच ठेवा. नाहीतर तुम्ही ऋतूंचा नाही, भरतीचा अभ्यास कराल.

पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरासाठी मात्र वेगळं, पाण्यावर आडवं तरंगणारं जाळं लागतं. जेलीफिशच्या नात्यातली निळीशार पोर्पिटा, शिडासारखा पडदा असलेली वेलेला आणि फायसेलिया, शिवाय पाण्यावर धावणारा हॅलोबेटीस हा समुद्री कीटक ही मंडळी उभ्या जाळ्यात योगायोगानेच येतात.

जाळं डेकवर आलं की पहिली पंधरा मिनिटं सर्वांत मोलाची. घाईने फॉर्मॅलिन (फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण) ओतू नका. आधी नमुना काचेच्या पसरट भांड्यात घेऊन काळ्या पार्श्वभूमीवर बाजूने उजेड टाकून जिवंत बघा. टिनोफोर हे पारदर्शक, कंगव्यासारख्या केसांच्या आठ रांगांनी पोहणारे प्राणी उजेडात इंद्रधनुषी झळकतात. त्यांच्यातले लोब असलेले प्रकार फॉर्मॅलिनमध्ये विरघळून चोथा होतात, आणि इथेनॉलमध्ये आक्रसून ओळखण्यापलीकडे जातात. ही किरकोळ गोष्ट नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा म्नेमिऑप्सिस हा टिनोफोर १९८०च्या दशकात काळ्या समुद्रात पोचला आणि दशकाच्या शेवटी त्याने तिथलं प्राणीप्लवक इतकं फस्त केलं की अँकोव्ही माशांची मासेमारी कोसळली. बेसुमार मासेमारीचाही त्यात हात होता. असा प्राणी तुमच्या पट्ट्यात आला आणि तुम्ही फक्त बाटलीतल्या नमुन्यांवर विसंबलात, तर समुद्र त्याने भरून जाईल आणि तुमच्या तक्त्यात त्याच्यापुढे शून्य असेल. म्हणून टिनोफोर आणि मोठे जेलीफिश डेकवरच मोजा, मापा, फोटो काढा.

मग नमुन्याचे दोन भाग करा. फोल्सम विभाजकासारखं साधं उपकरण यासाठी पुरतं. एक भाग ४ टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये. त्यात आम्लता मारायला बोरॅक्स हवंच, नाहीतर टेरोपॉडांचे, म्हणजे पोहणाऱ्या समुद्री गोगलगायींचे, नाजूक शंख विरघळतात आणि त्यांच्यातल्या लिमासिनाची ओळख अंदाजपंचे करावी लागते. दुसरा भाग ९५ टक्के इथेनॉलमध्ये, डीएनएसाठी. फॉर्मॅलिनमध्ये डीएनएची मोडतोड होते, त्यामुळे हा भाग पहिल्या मिनिटापासून वेगळाच ठेवावा लागतो. प्राण्यांच्या अंगातल्या पाण्याने इथेनॉल पातळ होतं, म्हणून २४ तासांच्या आत ते एकदा ओतून नवं भरा. बाटली प्राण्यांनी गच्च भरू नका, एका भागाला नऊ भाग द्रावण हे प्रमाण दोन्हींसाठी धरा. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. मोजणीआधी नमुना पाण्याने नीट धुऊन घ्या आणि खिडकी उघडी ठेवून भागतं असं समजू नका, धूर ओढणारी कपाट-व्यवस्था वापरा.

मोजणीत एक जागा अशी आहे जिथे नवा माणूस हमखास अडखळतो. सायफनोफोर हा जेलीफिशच्या नात्यातला प्राणी म्हणजे अनेक जोडलेल्या जीवांची वसाहत आहे. जाळ्यात आली की तिचे तुकडे होतात. डिफिसच्या कुळातल्या वसाहतीला साधारण दोन पोहणघंटा असतात, एक पुढची, एक मागची. बाटलीत दोन्ही सुट्या होऊन पडतात. पुढची टोकदार, पाच कडांची, काचेच्या भाल्याच्या पात्यासारखी. तेव्हा फक्त पुढच्या घंटा मोजायच्या, त्या जितक्या तितक्या वसाहती. शिवाय प्रजननासाठी वसाहतीचे छोटे भाग मुद्दामच तुटून स्वतंत्र पोहत असतात. त्यांचं रूप इतकं निराळं असतं की पूर्वीच्या अभ्यासकांनी त्यांना वेगळ्या प्राण्यांची नावं देऊन टाकली होती. त्यांचा रकाना वेगळा ठेवा. हे न करता ‘जिलेटिनयुक्त तुकडे: ४३’ असं लिहिलेले तक्ते मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांचा कुणालाच उपयोग होत नाही.

बाकी मोजणी उपनमुन्यावर, म्हणजे नमुन्याच्या एका छोट्या भागावर, करता येते. योगायोगाची चूक मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाशी बांधलेली असते: १०० प्राणी मोजलेत तर अनिश्चितता उणे-अधिक २० टक्के, ४०० मोजलेत तर १० टक्के. समजा चौसष्टाव्या भागात ४१२ कोपेपॉड आले आणि गाळलेलं पाणी ५१ घनमीटर होतं, तर ४१२ गुणिले ६४ भागिले ५१, म्हणजे घनमीटरला सुमारे ५१७. पण विविधतेच्या कामात उपनमुन्यावर थांबू नका. दुर्मीळ प्रजाती त्या उरलेल्या त्रेसष्ट भागांतच असतात. उपनमुना मोजून झाला की संपूर्ण नमुना एकदा कमी भिंगाखाली फिरवून मोठे आणि वेगळे दिसणारे प्राणी वेचून घ्या.

आता डीएनए. मायक्रोस्कोप सोडून फक्त डीएनए? नाही. फक्त मायक्रोस्कोप? तेही नाही. कोपेपॉड अंड्यातून बाहेर आल्यावर सहा नॉप्लियस अवस्थांतून आणि मग पाच कोपेपोडाइट अवस्थांतून जाऊन प्रौढ होतो, आणि बहुतेक ओळखतक्ते प्रौढासाठीच लिहिलेले असतात. प्रौढातही भेद सूक्ष्म असतो. कॅलॅनस फिनमार्किकस आणि कॅलॅनस हेल्गोलँडिकस वेगळे करायचे तर पाचव्या पायाच्या तळखंडाची आतली दातेरी कड पाहावी लागते: एकात ती सरळसोट, दुसऱ्यात आत वळलेली. फिनमार्किकस आणि ग्लेशियॅलिस ही जोडी तर वर्षानुवर्षं शरीराच्या लांबीवरून वेगळी केली जात होती. जनुकीय तपासणी झाल्यावर दिसलं की लांबी एकमेकींत मिसळते आणि जुन्या नोंदींत बऱ्याच ओळखी उलटसुलट आहेत. अळ्यांच्या बाबतीत डीएनएचा उपयोग आणखी मोठा. खेकड्याच्या झोइया नावाच्या अळीला प्रजातीपर्यंत नेणं डोळ्याला क्वचितच जमतं.

पण सगळा नमुना एकत्र ठेचून त्याचं मेटाबारकोडिंग केलं, म्हणजे त्यातल्या साऱ्या प्राण्यांचा डीएनए एकदम वाचून प्रजाती ओळखल्या, की मिळतात त्या डीएनएच्या वाचनसंख्या, प्राण्यांची संख्या नव्हे. एका मोठ्या जेलीफिशचा तुकडा हजार कोपेपॉडांना झाकून टाकतो. नर-मादी, पिल्लू-प्रौढ, जिवंत-मेलेला, जाळ्यात आलेला की दुसऱ्याच्या पोटात होता, यांतलं काहीच कळत नाही. जनुकखंडाची निवडही निकाल बदलते. सीओआय हा खंड प्रजाती नीट वेगळ्या करतो, पण त्याचे प्रायमर, म्हणजे खंडाच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, काही गटांवर बसतच नाहीत. १८एस हा दुसरा खंड जवळजवळ सगळ्या गटांना पकडतो, पण जवळच्या कोपेपॉड प्रजातींत फरक करत नाही. शक्य असेल तर दोन्ही वापरा, आणि प्रत्येक खेपेत नुसत्या पाण्याचा कोरा नमुना ठेवा, म्हणजे प्रयोगशाळेतला संसर्ग उघडा पडेल.

खरी अडचण संदर्भसंग्रहाची आहे. तुमचा डीएनएचा क्रम ज्याच्याशी ताडून बघायचा, त्या प्रजातीचा क्रम कुणी आधी नोंदवलेलाच नसेल तर यंत्र ‘अज्ञात कोपेपॉड’ म्हणून हात झटकतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे जवळच्या एखाद्या नातलगाचं नाव चिकटवतं. २००४ ते २०१० या काळातल्या जागतिक प्राणीप्लवक गणनेने या दुखण्यावर बरोबर बोट ठेवलं होतं. २००६मध्ये सारगॅसो समुद्रातल्या मोहिमेत त्यांनी ५,००० मीटरपर्यंत जाळी सोडली आणि ओळखतज्ज्ञ व डीएनए यंत्रं एकाच जहाजावर नेली. तज्ज्ञाने प्राणी ओळखायचा, मग त्याच प्राण्याचा क्रम तिथेच काढायचा. तुमच्या निधीचा पहिला वाटा याच पद्धतीवर घाला. आपल्या पट्ट्यातल्या मुख्य पन्नास-साठ प्रजातींचे एकेक प्राणी वेचा, फोटो काढा, ओळखा, एखाद-दोन पायांवरून डीएनए घ्या आणि उरलेलं शरीर पुरावा म्हणून जपा. हा स्थानिक संग्रह तयार झाला की मगच मेटाबारकोडिंग करण्यात अर्थ आहे.

प्रतिमा घेणारी यंत्रं तुमच्या आवाक्यात सध्या नसतील, पण त्यांनी काय दाखवलं ते माहीत असावं. पाण्यात सोडलेल्या कॅमेऱ्यांच्या आधारे २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसलं की, पोषकद्रव्यं कमी असलेल्या उष्ण कटिबंधीय खुल्या समुद्रात ऱ्हायझेरिया या मोठ्या एकपेशीयांचं जैववस्तुमान बाकी साऱ्या मेसोप्राणीप्लवकांच्या (मध्यम आकाराच्या प्राणीप्लवकांच्या) तोडीचं आहे. हे नाजूक जीव जाळ्यात चुरगळून जात असल्याने एवढा मोठा हिशोब राहून गेला होता.

विश्लेषणात एक पथ्य पाळा. विविधता मोजणारा शॅनन निर्देशांक काढताना ‘पॅराकॅलॅनस पार्व्हस’, ‘पॅराकॅलॅनस प्रजाती’ आणि ‘कोपेपोडाइट’ हे तिन्ही रकाने तीन प्रजाती म्हणून मोजू नका. ओळखणाऱ्याचा हात बसत गेला की विविधता आपोआप वाढलेली दिसते, ती समुद्रातली नसते. न सापडलेल्या प्रजातींचा किमान अंदाज चाओ-१ या सूत्राने येतो: ६२ प्रजाती मिळाल्या, त्यांतल्या १४ फक्त एकेकदा आणि ७ दोनदा दिसल्या, तर १४चा वर्ग भागिले ७ची दुप्पट, म्हणजे आणखी १४, एकूण ७६. मात्र हा अंदाजही त्याच जाळ्यापुरता. नमुन्यांगणिक वाढत जाणारा प्रजातींचा आलेख सपाट झाला म्हणजे तुमच्या जाळ्याला पकडता येण्याजोगं संपत आलं, एवढंच.

आणि एकदा ठरवलेली पद्धत मध्येच सुधारू नका. ॲलिस्टर हार्डी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने घडवलेला सतत प्लवक नोंदक १९३१पासून व्यापारी जहाजांच्या मागे ओढला जातोय. २७० मायक्रॉनची रेशमी जाळी, सुमारे सात मीटर खोली, १० सागरी मैलांमागे एक नमुना. ओइथोना त्यातूनही निसटतो, जेलीफिशचा त्यात लगदा होतो, खोल पाण्याचं त्याला काही कळत नाही. तरी त्याच्याच नोंदींवरून २००२मध्ये दाखवता आलं की १९६० ते १९९९ दरम्यान ईशान्य अटलांटिकमधले उबदार पाण्यातले कोपेपॉड दहा अक्षांशांहून अधिक उत्तरेला सरकले. जाळं अपुरं असूनही हे साधलं, कारण ते दशकानुदशकं त्याच प्रकारे अपुरं होतं. वर्षाच्या मध्यात नवं जाळं आलंच, तर निदान काही फेऱ्या दोन्ही बरोबर ओढा.

तक्त्यात ‘शोधलं, नाही सापडलं’ आणि ‘शोधलंच नाही’ या दोन्हींसाठी वेगळ्या खुणा ठेवा. दोन्हींपुढे शून्य लिहू नका. नावं सागरी प्रजातींच्या जागतिक नोंदवहीतून, म्हणजे ‘वर्म्स’मधून तपासून घ्या. मोजून झालेले नमुने टाकू नका, आणि बाटलीच्या आत जाड कागदावर शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवा: स्टेशन, तारीख, वेळ, खोली, आस, मापकाचे आधीचे आणि नंतरचे आकडे. बाहेरच्या लेबलवरची शाई इथेनॉलचा एक ओघळ पुसून टाकतो.